गुठळीतून निघालेलं गुठळीचं औषध

हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. ती काढण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे कॅथ लॅबमध्ये नेऊन फुगा आणि स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टी. दुसरा म्हणजे शिरेतून इंजेक्शन देऊन गुठळी विरघळवणं. ईसीजी काढून निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती करावी. होणार नसेल तर वाट बघत बसू नये, इंजेक्शन द्यावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातल्या पेशंटला कॅथ लॅबसाठी बहुधा लातूर किंवा सोलापूर गाठावं लागतं. गाडी मिळायची, नातेवाईक जमायचे, पैशांची जुळवाजुळव व्हायची, त्यात रात्र असली तर विचारायलाच नको. १२० मिनिटं कधीच निघून जातात. म्हणून आपल्याकडे या इंजेक्शनाचं महत्त्व मुंबई-पुण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

या इंजेक्शनांपैकी एकाचं नाव रेटेप्लेझ. त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे रिकॉम्बिनंट औषध आहे आणि ई. कोलाय या जिवाणूपासून बनवलं आहे. नातेवाईकांपैकी एखादा शिकलेला मुलगा ते वाचतो आणि विचारतो, "सर, हा तर जुलाबाचा जंतू ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर प्रयोगशाळेतल्या एका चमत्कारिक गोष्टीपर्यंत जावं लागतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं हे औषध त्या जिवाणूच्या पोटात स्वतःच एका घट्ट, न विरघळणाऱ्या, पूर्ण निकामी गुठळीच्या रूपात तयार होतं. त्या गुठळीला शास्त्रीय भाषेत इन्क्लूजन बॉडी म्हणतात. तिच्यातून कामाचं औषध बाहेर काढायला माणसाला बराच काळ घालवावा लागला.

नाव जुनंच

इन्क्लूजन बॉडी हा शब्द आम्हा डॉक्टरांना एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत असतो, पण वेगळ्या संदर्भात. पेशीच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा, एरवी तिथे नसणारा कुठलाही गोळा म्हणजे इन्क्लूजन बॉडी. इटलीच्या अडेल्की नेग्री यांना १९०३ मध्ये रेबीज झालेल्या प्राण्यांच्या मेंदूतल्या पेशींत असे गोळे दिसले. कुत्रा पिसाळलेला होता की नाही हे त्यानंतर कितीतरी वर्षं याच नेग्री बॉडी पाहून ठरवत असत. पार्किन्सनच्या आजारातले मेंदूतले गोळे फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये वर्णन केले. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की डॉक्टरच्या मनात आधी आजारच येतो.

जिवाणूच्या पोटातले असे गोळे १९७५ मध्ये हार्वर्डमध्ये दिसले. आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायला नेहमीच्या अमिनो आम्लांऐवजी त्यांच्यासारखी दिसणारी पण खोटी अमिनो आम्लं खाऊ घातली. जिवाणूने त्यांच्यापासून प्रथिनं बनवली, पण ती बिघडलेली होती. काही जिवाणूने तोडून टाकली, उरलेली एकमेकांना चिकटून पेशीत गोळा होऊन बसली. थोडक्यात, निरुपयोगी प्रथिनांचा उकिरडा. त्या वेळी कुणाला वाटलं नसेल की पुढे औषध कारखाने मुद्दाम असे उकिरडे तयार करवून घेतील.

इन्सुलिनचा धडा

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, माणसाच्या शरीरातलं सोमॅटोस्टॅटिन नावाचं छोटं संप्रेरक जिवाणूकडून बनवून घेण्यात यश आलं. ते अवघ्या १४ अमिनो आम्लांचं. पहिल्या प्रयत्नात हाती काहीच लागलं नाही. जिवाणूने ते बनवलंही असेल, पण परकं आणि चिमुकलं प्रथिन त्याने लगेच तोडून टाकलं. तेव्हा शास्त्रज्ञांनी युक्ती केली. जिवाणूच्या स्वतःच्या एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला ते जोडून दिलं, म्हणजे लहान मुलाला मोठ्या माणसाच्या पाठीमागे लपवावं तसं. ते टिकलं. मग रसायनाने ती शेपटी कापून वेगळी केली.

१९७८ मध्ये हीच युक्ती इन्सुलिनसाठी वापरली. जेनेन्टेक ही तेव्हाची नवखी कंपनी आणि कॅलिफोर्नियातलं सिटी ऑफ होप हॉस्पिटल यांनी मिळून हे केलं. इन्सुलिनचे दोन धागे असतात, एक २१ अमिनो आम्लांचा आणि एक ३० चा. दोन्ही वेगवेगळ्या जिवाणूंकडून बनवून घेतले आणि नंतर जोडले. तोपर्यंत जगातलं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडापासून काढलं जायचं. पाव किलोपेक्षाही थोडं कमी शुद्ध इन्सुलिन काढायला दोन टनांहून जास्त अवयव लागत. मधुमेहाचे पेशंट ज्या वेगाने वाढत होते, त्या वेगाने कत्तलखाने पुरे पडणार नाहीत, ही काळजी खरी होती.

इलाय लिली कंपनीने हे तंत्र घेतलं आणि मोठ्या टाक्यांमध्ये ई. कोलाय वाढवायला सुरुवात केली. तिथल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रत्येक जिवाणूच्या पोटात प्रकाश पडताच चमकणारा एक-दोन गोळे. फेब्रुवारी १९८२ च्या 'सायन्स'मध्ये त्यांनी छायाचित्रांसह हा लेख छापला. इन्सुलिनचे धागे तयार करणाऱ्या जिवाणूंमध्येच हे गोळे होते आणि त्या गोळ्यांमध्ये इन्सुलिनचेच धागे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ह्युम्युलिनला परवानगी मिळाली. जिवाणूकडून बनवून घेतलेलं माणसाचं पहिलं औषध ते हेच.

इथे थोडं थांबून दोन्ही बाजू पाहायला हव्यात. गोळा झाला ही एका अर्थी चांगली बातमी. गोळ्यात दडलेलं प्रथिन जिवाणूची कात्री तोडू शकत नाही. शिवाय गोळा जड असतो. जिवाणू फोडून रस सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की गोळे तळाशी बसतात, बाकीचा कचरा वर राहतो. म्हणजे शुद्धीकरणाचं अर्धं काम एका फटक्यात झालं. वाईट बातमी अशी की त्या गोळ्यातलं प्रथिन मेलेलं असतं. अमिनो आम्लांचा क्रम बरोबर, पण आकार चुकलेला.

घडी मोडली की औषध गेलं

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पण माळ सरळ असून उपयोग नाही. ती ठरलेल्या पद्धतीने दुमडली, वळली, तिची नेमकी घडी बसली, तरच ती काम करते. कुलपाची किल्ली वितळवून तेवढ्याच वजनाचा लोखंडाचा गोळा केला तर कुलूप उघडेल का? तसंच हे. बऱ्याच प्रथिनांत ही घडी पक्की करायला गंधकाचे टाके असतात. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लात गंधक असतं, आणि दोन सिस्टीन जवळ आली की त्यांच्यात टाका पडतो. त्याला डायसल्फाइड बंध म्हणतात.

माणसाच्या पेशीत असे टाके घालण्यासाठी वेगळी खोली असते, मदतनीस प्रथिनं असतात. ई. कोलायच्या पेशीच्या आतलं वातावरण नेमकं उलटं. तिथे टाके पडतच नाहीत, पडले तर उसवतात. त्यात आपण त्याला माणसाचं जनुक देऊन सांगतो की हे एकच प्रथिन बनव आणि भरपूर बनव. वीस मिनिटांत दुप्पट होणारा हा जीव, कामात फार वेगवान. घडी बसायच्या आधीच पुढची माळ तयार, तिच्यामागे आणखी एक. अर्धवट दुमडलेल्या माळांचे चिकट भाग उघडे राहतात आणि त्या एकमेकींना चिकटतात.

ज्यांनी घरी पिठलं केलं आहे त्यांना हे लगेच कळेल. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं की गुठळ्या. हळूहळू पेरत, ढवळत टाकलं की पिठलं एकजीव होतं. बेसन तेच, पाणी तेच. फरक फक्त एका वेळी किती आणि किती घाईने, एवढाच.

मग एकदा झालेल्या गुठळ्या मोडून पुन्हा पिठलं करता येईल का? प्रथिनांच्या बाबतीत याचं तात्त्विक उत्तर आधीच मिळालं होतं. अमेरिकेच्या ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज नावाचं १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन घेतलं, तीव्र युरियात टाकून त्याची घडी पूर्ण मोडली, टाके उसवले. प्रथिन निकामी झालं. मग युरिया काढून घेतला, हवेतला ऑक्सिजन मिळू दिला, आणि प्रथिन आपलं आपण पुन्हा दुमडलं, कामाला लागलं. त्यात आठ सिस्टीन म्हणजे चार टाके. आठ सिस्टीनच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लावता येतात, आणि त्यातली एकच बरोबर. प्रथिनाने ती एक शोधून काढली. घडी कशी घालायची याची माहिती माळेच्या क्रमातच लिहिलेली असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. १९७२ चं नोबेल पारितोषिक त्यांना यासाठीच मिळालं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं करता येत नाही, ही म्हणण्यापुरती गोष्ट. २०१५ मध्ये अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन युरिया आणि वेगाने फिरणारी नळी वापरून बऱ्यापैकी पूर्ववत केलं. त्यांना इग-नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक.

कारखान्यात तेच करतात. इन्क्लूजन बॉडी धुऊन घ्यायच्या आणि तीव्र युरियात किंवा ग्वानिडिनमध्ये विरघळवायच्या. युरिया म्हणजे तोच रेणू, जो आपण सोयाबीन-ज्वारीला गोणीतून टाकतो. फक्त इथला अतिशुद्ध असतो आणि एका लिटर द्रावणात जवळपास ४८० ग्रॅम जातो. गोळा सुटतो, माळा मोकळ्या होतात. आता त्या मोकळ्या माळांची घडी बसवायची. इथे पिठल्याचा नियम पुन्हा लागू होतो. दाट द्रावणातला युरिया एकदम काढला की परत गुठळ्या. म्हणून प्रचंड पाण्यात थोडं थोडं सोडायचं. घडी बसणं हे माळेचं एकटीचं काम असतं, चिकटणं हे दोघींचं. पाणी वाढवलं की दोघींची गाठ पडत नाही. याचं गणित राइनर रूडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये व्यवस्थित मांडून दाखवलं. परिणामी टाक्या मोठ्या, पाणी भरपूर आणि हाती येणारं औषध थोडं. इन्सुलिनला सहा सिस्टीन, म्हणजे १५ शक्यता. त्यात जमून गेलं. खरी कसोटी पुढे होती.

गुठळीवरची औषधं

विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांनी १९३३ मध्ये दाखवलं की घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या रसात रक्ताची गुठळी विरघळते. पुढे त्या पदार्थाला स्ट्रेप्टोकायनेझ हे नाव मिळालं. आपल्या रक्तात प्लास्मिनोजेन नावाचा झोपलेला पहारेकरी असतो. त्याला जागं केलं की तो गुठळीची जाळी कातरतो. स्ट्रेप्टोकायनेझ त्याला जागं करतं, हे औषध हार्ट अटॅकमध्ये सर्रास वापरात यायला मात्र पन्नास वर्षं लागली. १९८६ मध्ये इटलीतल्या ११,८०६ पेशंटवरच्या अभ्यासात २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात इंजेक्शन मिळालेल्यांत तर मृत्यू जवळपास निम्मे झाले. १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात १७,१८७ पेशंट होते. काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ टक्के, आणि स्ट्रेप्टोकायनेझ व ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. आमच्या शिक्षणाच्या काळात वॉर्डात हेच औषध असायचं. तासभर चालणारी सलाईन, मध्येच पडणारं बीपी, कधी अंगावर पित्त उठणं. शिवाय जिवाणूचं प्रथिन असल्यामुळे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून एकदा दिल्यावर सहसा दुसऱ्यांदा देत नाहीत.

माणसाच्या शरीरातही पहारेकऱ्याला जागं करणारं स्वतःचं प्रथिन असतं, टीपीए. ते माणसाचंच असल्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न नाही. बेल्जियममधल्या लूव्हेनला देझिरे कोलेन यांनी ते एका कर्करोगाच्या पेशींच्या वाणातून शुद्ध केलं. जेनेन्टेकच्या डायेन पेनिका आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचं जनुक वेगळं करून ई. कोलायमध्ये घातलं. पण ही किल्ली इन्सुलिनसारखी साधी नव्हती. ५२७ अमिनो आम्लं, गंधकाचे १७ टाके आणि वरून साखरेच्या साखळ्या लावलेल्या. ई. कोलायला साखळ्या लावता येत नाहीत आणि टाके घालता येत नाहीत. हाती येणारं कामाचं प्रथिन नगण्य. शेवटी कंपनीने जिवाणू सोडला आणि चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयाच्या पेशी वापरल्या. त्या टाकेही घालतात, साखरही लावतात. पण वीस मिनिटांऐवजी दुप्पट व्हायला जवळपास अख्खा दिवस घेतात आणि त्यांचे खाण्यापिण्याचे लाड फार. १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा या टीपीएची किंमत स्ट्रेप्टोकायनेझच्या साधारण दहापट होती.

दहापट किमतीला फायदा किती? याचं उत्तर गस्टो नावाच्या ४१,०२१ पेशंटच्या अभ्यासाने दिलं. तो १९९३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. (त्याच महिन्याच्या ३० तारखेच्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. या भागात त्या वर्षी हृदयाच्या इंजेक्शनांवर चर्चा करायला कुणाला फुरसत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.) टीपीए घेतलेल्यांत तीस दिवसांतले मृत्यू ६.३ टक्के, स्ट्रेप्टोकायनेझ घेतलेल्यांत सव्वासात ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान. शंभरातला एक जीव. तो एक आपल्या घरातला असला तर आकडा लहान राहत नाही. पण देणारा कोण, हा प्रश्न भारतासारख्या देशात उरतोच.

जर्मनांची चिकाटी

याच काळात जर्मनीत बोहरिंगर मानहाइम कंपनीत रूडॉल्फ आणि सहकारी दुसऱ्याच वाटेने चालले होते. त्यांचं म्हणणं असं की जिवाणू स्वस्त आणि वेगवान आहे. तो गुठळी करतो तर करू दे, ती आपण सोडवू. टीपीए पूर्ण घेण्याऐवजी त्यांनी त्यातले कामाचे दोनच भाग ठेवले आणि बाकीचे कापले. उरली ३५५ अमिनो आम्लं आणि नऊ टाके. हेच रेटेप्लेझ.

नऊ टाके म्हणजे अठरा सिस्टीन. त्यांच्या जोड्या ३ कोटी ४४ लाखांहून अधिक तऱ्हांनी लागू शकतात. अनफिन्सनच्या १०५ पुढे हे म्हणजे यात्रेत हरवलेलं पोर शोधण्यासारखं. युरियातून साध्या पाण्यात सोडलं की बहुतेक सगळं पुन्हा गुठळी होऊन खाली बसायचं. दोन गोष्टींनी वाट काढली. पहिली ग्लुटाथायोन. ते टाके पडूही देतं आणि चुकलेले उसवूही देतं, त्यामुळे प्रथिनाला पुन्हापुन्हा प्रयत्न करायला मिळतात. (हेच ग्लुटाथायोन आजकाल गोरं होण्याच्या इंजेक्शनांत विकलं जातं. त्याचा तसा भरवशाचा उपयोग नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) दुसरी गोष्ट अर्जिनिन, शेंगदाण्यात भरपूर असणारं आणि गरोदर बायकांना पुड्यांमधून दिलं जाणारं साधं अमिनो आम्ल. द्रावणात ते भरपूर मिसळलं की अर्धवट दुमडलेल्या माळा एकमेकींना चिकटत नाहीत आणि त्यांना घडी बसवायला वेळ मिळतो. टीपीएच्या कामातून सापडलेली ही अर्जिनिनची युक्ती आज जगभरच्या प्रयोगशाळांत इन्क्लूजन बॉडीसाठी पहिल्यांदा वापरून बघतात.

या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग पुढचा आहे. जिवाणूला साखरेच्या साखळ्या लावता येत नाहीत, हा त्याचा दोष मानला जायचा. पण साखळ्या नसलेलं आणि काही भाग कापलेलं रेटेप्लेझ यकृत चटकन ओळखून बाहेर टाकत नाही. टीपीए रक्तात पाच मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते दीड तास पंपाने सतत द्यावं लागतं. रेटेप्लेझला निम्मं व्हायला तेरा ते सोळा मिनिटं लागतात. त्यामुळे ते दोन साध्या इंजेक्शनांत देता येतं. १० युनिट दोन मिनिटांत, अर्ध्या तासाने पुन्हा १० युनिट. पंप नको, वजनाचा हिशोब नको. शहरातल्या आयसीयूत याचं फारसं कौतुक वाटणार नाही. जिथे सिरिंज पंप एकच असतो आणि तोही दुसऱ्या पेशंटला लागलेला असतो, तिथे वाटतं.

१९९५ मध्ये ६,०१० पेशंटवर रेटेप्लेझ स्ट्रेप्टोकायनेझपेक्षा कमी नाही हे सिद्ध झालं. १९९६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९७ मध्ये १५,०५९ पेशंटवर टीपीएशी थेट सामना झाला. मृत्यू ७.४७ आणि ७.२४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. टीपीएपेक्षा ते सरस ठरलं नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण देण्याची सोय वरचढ होती.

महाराष्ट्रातली तीन उत्तरं

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या राज्यात काय? इथे मला एक मजेशीर योगायोग दिसतो. जिवाणूच्या गुठळीचं करायचं काय, या एकाच प्रश्नाला महाराष्ट्रातल्या तीन शहरांनी तीन वेगळी उत्तरं दिली आहेत.

पहिलं आपल्याच मराठवाड्यातलं. ऑगस्ट २००३ मध्ये वोखार्ट कंपनीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. भारतीय कंपनीचं हे पहिलं रिकॉम्बिनंट इन्सुलिन. त्यांनी ई. कोलाय घेतलाच नाही. हॅन्सेन्युला नावाचं यीस्ट घेतलं. यीस्ट म्हणजे ब्रेडचं पीठ फुगवणाऱ्या जिवांचं भावंड. जिवाणूपेक्षा ते उत्क्रांतीत आपल्या जवळचं, त्याच्याकडे टाके घालायची खोली असते, आणि दुमडलेलं प्रथिन ते पेशीबाहेर रसात सोडून देतं. गुठळीच होत नाही, म्हणून सोडवायचा प्रश्न नाही. डेन्मार्कच्या नोव्होनेही १९८७ पासून यीस्टचाच रस्ता धरला होता. म्हणजे गावातल्या दोन मधुमेही भावांपैकी एकाला लिलीचं इन्सुलिन चालू असेल तर ते जिवाणूच्या गुठळीतून आलेलं आणि दुसऱ्याचं यीस्टच्या रसातून. शेवटचा रेणू अगदी तोच.

दुसरं उत्तर पुण्याचं. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने टेनेक्टेप्लेझ बनवलं. टीपीएत थोडे बदल करून केलेलं हे औषध एकाच इंजेक्शनात वजनाप्रमाणे देतात. त्याला साखळ्याही लागतात आणि टाकेही. म्हणून तिथे हॅमस्टरच्या पेशी.

तिसरं नवी मुंबईचं. रबाळ्याच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसने २००९ च्या सुमारास रेटेप्लेझ आणलं. इथे ई. कोलाय, इथे इन्क्लूजन बॉडी, इथे ती सोडवण्याची आणि नऊ टाके बसवण्याची पूर्ण कसरत. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम भारतात अनेक कंपन्या बनवतात, तेही बहुतांशी याच पद्धतीने येतं. मी इथे कुठल्या ब्रँडची शिफारस करत नाही. पण एकेकाळी जर्मनीतल्या मोजक्या लोकांना येणारं हे काम ठाणे-बेलापूर पट्ट्यात होतं, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

मग देशी औषधावर भरवसा ठेवावा का?

हा प्रश्न मला पेशंटपेक्षा तरुण डॉक्टर जास्त विचारतात. त्याचं उत्तरही गुठळीतच आहे. या औषधांची मात्रा युनिटमध्ये का असते याचा विचार करा. बाटलीत किती मिलिग्रॅम प्रथिन आहे हे तराजू सांगेल. पण त्यातल्या किती माळांची घडी बरोबर बसली आहे हे तराजूला कळत नाही. चुकीची घडी बसलेल्या माळेचंही वजन तेवढंच भरतं. म्हणून प्रत्यक्ष काम करवून मोजावं लागतं, आणि जिथे घडी बसवणं हीच मुख्य पायरी आहे तिथे प्रत्येक घाण्याची अशी तपासणी महत्त्वाची ठरते.

स्ट्रेप्टोकायनेझच्या बाबतीत याचा अनुभव आला आहे. खरं तर ते सोपं प्रथिन. ४१४ अमिनो आम्लांत एकही सिस्टीन नाही, म्हणजे टाकेच नाहीत. त्याचं जनुक १९८४ मध्ये ई. कोलायमध्ये घातलं गेलं आणि पुढे भारतासह अनेक देशांत रिकॉम्बिनंट स्ट्रेप्टोकायनेझ स्वस्तात मिळू लागलं. २००५ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये वेगवेगळ्या देशांच्या बाजारांतल्या स्ट्रेप्टोकायनेझची तुलना छापून आली. अनेकांची ताकद लेबलवर लिहिलेल्यापेक्षा बरीच कमी भरली. हा अभ्यास करणारे मूळ औषध बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित होते, हे वाचताना ध्यानात ठेवावं. तरी मुद्दा खोटा ठरत नाही. माझं मत असं की देशी-विदेशी हा निकष चुकीचा आहे. त्या कंपनीने माणसांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली आहे का, औषध कारखान्यापासून आपल्या फ्रिजपर्यंत थंड साखळीत आलं का, हे विचारावं. उन्हाळ्यात एसटीच्या डिक्कीतून आलेलं पार्सल कितीही नामांकित कंपनीचं असलं तरी त्याची घडी मोडलेली असू शकते.

त्या शिकलेल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. औषधात जंतू नसतो. कारखान्यात वापरतात तो ई. कोलायचा वाण निरुपद्रवी असतो, तोही फोडून, गाळून, धुऊन काढलेला असतो. जंतूच्या आवरणातला ताप आणणारा अंश उरला नाही ना, याची वेगळी तपासणी होते. इंजेक्शनाचा खरा धोका वेगळा आहे. रक्तस्राव, विशेषतः मेंदूत. म्हणून डॉक्टर आधी खोदून खोदून विचारतात. पूर्वी पॅरालिसिस झाला होता का, नुकतं ऑपरेशन झालं का, शौचातून काळं रक्त जातं का, डोक्याला मार लागला का. घाईच्या वेळी हे प्रश्न नातेवाईकांना छळ वाटतात. कृपा करून खरी उत्तरं द्या आणि लपवू नका. छातीत दुखायला लागलं की ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. इटलीच्या अभ्यासातला पहिला तास आठवा.

इन्क्लूजन बॉडीची कहाणी अजून चालूच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्थेत अमूल्य पांडा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बरीच वर्षं याच गोळ्यांवर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की गोळ्यातलं प्रथिन पूर्ण मेलेलं नसतं, त्याची अर्धी घडी शाबूत असते. तीव्र युरियात टाकून ती अर्धी घडीही आपणच मोडतो आणि मग पहिल्यापासून बसवत बसतो. त्याऐवजी थोडा युरिया आणि प्रोपॅनॉलसारखा सौम्य उपाय वापरून गोळा हळुवार सोडवला, तर घडी शाबूत राहते आणि हाती जास्त कामाचं प्रथिन लागतं. स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या आंतोनियो व्हिलाव्हेर्दे यांच्या गटाने तर काही इन्क्लूजन बॉडी न विरघळवताही काम करतात हे दाखवलं आहे. १९७५ मध्ये ज्याला उकिरडा म्हटलं गेलं त्यात अजून किती काय दडलं आहे, ते शोधणं चालू आहे.